पांदण कोणत्या वर्गात बसते?

नकाशा हा भूगोलाच्या विभागाचा विषय, आणि संगणकावरचा नकाशा तर अभियंत्यांचाच. मराठीच्या अध्यापकांनी त्यात नाक खुपसण्याचे कारण नाही, असे आमच्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांचे मत आहे. या मताला आमचा विरोध आहे आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याची आमची इच्छा नाही. वाशिम जिल्ह्यातील रस्ते आज एका जगभर वापरल्या जाणाऱ्या, स्वयंसेवकांनी रचलेल्या नकाशात नोंदले जात आहेत. प्रत्येक रेषेला कोणता शब्द लावायचा, हे कोणीतरी रोज ठरवीत आहे. एखाद्या वस्तूला कोणता शब्द लागू पडतो आणि कोणता पडत नाही, हे सांगण्याबद्दल ज्यांना पगार मिळतो ते आम्ही मराठीचे शिक्षक मात्र या कामाकडे पाठ करून बसलो आहोत.

ज्यांना हा नकाशा परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. 'ओपनस्ट्रीटमॅप' हा प्रकल्प २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट याने सुरू केला. तेथील सरकारी मोजणी खात्याचे नकाशे सामान्य माणसाला मोकळेपणाने वापरता येत नव्हते, हे त्यामागचे एक कारण होते. विकिपीडियाप्रमाणेच येथेही कोणीही खाते उघडून रस्ता, विहीर, शाळा, नाला यांची नोंद करू शकतो आणि दुसऱ्याने केलेली नोंद दुरुस्त करू शकतो. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रे पाहून तेथील रस्ते नकाशावर उतरवले आणि मदतकार्याला त्याचा उपयोग झाला. त्यानंतर या नकाशाकडे जगाचे लक्ष गेले. आज मोठमोठ्या कंपन्या तो वापरतात आणि काही कंपन्यांचे पगारी संपादकही त्यावर काम करतात. आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम बरेच सैल केले. नकाशा म्हणजे सरकारी तिजोरीतील वस्तू ही कल्पना तेव्हापासून मागे पडू लागली.

या नकाशात प्रत्येक वस्तूला खुणा लावतात. खुणेचे दोन भाग असतात: एक किल्ली आणि एक मूल्य. रस्त्याची किल्ली 'हायवे'. पायवाट असो की द्रुतगती महामार्ग, किल्ली तीच; फरक मूल्यात. सर्वांत वर 'मोटरवे', मग उतरत्या क्रमाने 'ट्रंक', 'प्रायमरी', 'सेकंडरी', 'टर्शरी', आणि त्याखाली 'अनक्लासिफाइड'. हा शेवटचा शब्द नीट पाहावा. त्याचा अर्थ 'वर्ग माहीत नाही' असा नाही. ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात रस्त्यांना 'ए' आणि 'बी' असे वर्ग व क्रमांक दिले गेले. ज्या लहान रस्त्यांना असा वर्ग मिळाला नाही ते 'अवर्गीकृत' ठरले. तोच शब्द या नकाशाने उचलला आणि जगभराच्या खेड्यापाड्यांच्या रस्त्यांना लावला. म्हणजे येथे 'अवर्गीकृत' हाच एक वर्ग आहे. ज्याचा वर्ग खरोखरच ठाऊक नाही त्यासाठी 'रोड' हे वेगळे मूल्य आहे. परिभाषेचा इतका गुंता साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतही सहसा सापडत नाही.

याच यादीत 'ब्रायडलवे' नावाचा एक वर्ग आहे. घोडेस्वाराची वाट म्हणजे ब्रायडलवे. इंग्लंडच्या ग्रामीण भागात अशा वाटा आहेत, त्यांना कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा नकाशात त्यांना स्वतंत्र शब्द मिळणे योग्यच होय. आमचा प्रश्न एवढाच की इंग्लंडच्या घोड्याला वर्ग मिळतो, तर वऱ्हाडातील बैलगाडीला का मिळू नये? आमच्या गाडवाटेला 'ट्रॅक' म्हणावे असा सल्ला दिला जातो. 'ट्रॅक' म्हणजे मुख्यतः शेती वा जंगलाच्या कामासाठी वापरला जाणारा रस्ता. ही व्याख्या युरोपातील शेतकऱ्याला पुरेशी असेल. तो डांबरी रस्त्यालगतच्या घरात राहतो आणि ट्रॅक्टर घेऊन शेतात जातो. आमच्याकडे त्याच कच्च्या वाटेने कापूस बाजाराला जातो, मुले शाळेत जातात, बाळंतिणीला दवाखान्यात नेतात.

आता आपल्या सरकारी वर्गीकरणाकडे वळू. ते कोठून आले? आमच्या विदर्भातूनच. डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली आणि तीत वीस वर्षांची रस्तेयोजना ठरली. ती 'नागपूर योजना' म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे प्रमुख रस्ते, इतर रस्ते आणि ग्रामीण रस्ते ही उतरंड तेथे पक्की झाली. आज महाराष्ट्रात आपण राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग म्हणतो, ती तिचीच संतती. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे त्या योजनेचे एक उद्दिष्ट होते. उद्दिष्ट चांगले होते, पण या उतरंडीचे मुख्य काम रस्त्याचा मालक व दुरुस्तीचा खर्च ठरवण्याचे आहे. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. रस्त्याची 'दर्जोन्नती' झाली असे आपण वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा बहुधा एवढेच घडलेले असते की तो एका खात्याच्या वहीतून दुसऱ्या खात्याच्या वहीत गेला. खड्डे होते तेथेच असतात.

भारतातील स्वयंसेवकांनी या दोन वर्गीकरणांची सांगड घातली आहे: राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक, राज्यमार्ग म्हणजे प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे सेकंडरी. वरच्या पायऱ्यांवर हे जमते. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो 'मोटरवे' आहे याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ 'ट्रंक' आहे, हेही मान्य. भांडण सुरू होते ते खालच्या पायरीवर, जेथे सरकारचे वर्ग संपतात आणि माणसांची घरे मात्र संपत नाहीत.

मानोरा तालुक्यातील एखादा तांडा घ्या. पोहरादेवीच्या परिसरात बंजारा समाजाचे कितीतरी तांडे आहेत. महसुली दप्तरात तांडा हे पुष्कळदा स्वतंत्र गाव नसते; तो शेजारच्या गावाचा भाग असतो. त्यामुळे तांड्याला जाणारी वाट ग्रामीण मार्गाच्या यादीत असेलच असे नाही. उपग्रहचित्रात ती शेतांमधून गेलेली एक मातकट रेघ दिसते. शेकडो मैल दूर बसलेला स्वयंसेवक, त्याचा हेतू कितीही निर्मळ असो, त्या रेघेला 'ट्रॅक' ही खूण लावून मोकळा होतो. या एका शब्दाने काय होते ते पाहावे. 'ओएसआरएम' नावाची एक प्रसिद्ध मार्गशोधक प्रणाली आहे. मोटारीसाठीच्या तिच्या मूळ मांडणीत 'अनक्लासिफाइड' रस्त्याला ताशी २५ किलोमीटर वेग धरलेला आहे. 'ट्रॅक'ला त्या तक्त्यात स्थानच नाही. म्हणजे तीच वाट 'अनक्लासिफाइड' म्हटली तर तांड्याला रस्ता आहे, आणि 'ट्रॅक' म्हटली तर यंत्राच्या लेखी तांड्यापर्यंत मोटार पोहोचतच नाही. वाटेवरचा एक खडाही हलला नाही. फक्त शब्द बदलला. शब्दाच्या सामर्थ्याविषयी आम्ही वर्गात तास-तास बोलतो. त्याचे याहून रोकडे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

यावर उपाय नाही असे नाही. आफ्रिकेत काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी हाच प्रश्न सोडवला आहे. त्यांनी आपल्यापुरता प्रघात लिहून ठेवला की रस्त्याचा वर्ग त्याच्या कामावरून ठरवावा, त्याच्या पृष्ठभागावरून नव्हे. दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता कच्चा असला तरी तो 'ट्रॅक' नाही; कच्चेपणाची नोंद वेगळ्या किल्लीत करावी. वास्तविक या नकाशाचे मूळ तत्त्वही हेच आहे. पण तत्त्व लिहिलेले असणे आणि रेषा ओढणाऱ्याच्या हाताला त्याचे वळण लागणे यांत अंतर असते, आणि ते अंतर आमच्या भाषेत कोणी बोलल्याशिवाय भरून निघणार नाही.

पृष्ठभागाची नोंद करतानाही आमची काळी माती त्या तक्त्यात बसत नाही. 'ट्रॅक'ची टणकपणानुसार पाच प्रतींत विभागणी केलेली आहे. वऱ्हाडातील शेतकऱ्याला विचारा: पांदण कोणत्या प्रतीची? तो विचारील, कोणत्या महिन्यात? वैशाखात जी वाट दगडासारखी टणक असते, तीच श्रावणात गुडघाभर चिखलाची होते, आणि खत-बियाणे शेतावर पोहोचवण्याचे दिवस नेमके तेच असतात. बर्फाळ देशांतील स्वयंसेवकांनी, पाणी गोठल्यावरच चालू होणाऱ्या वाटांसाठी स्वतंत्र खुणा करून घेतल्या आहेत. ऋतुवाचक अशी एक सर्वसाधारण किल्लीही आहे, परंतु ती रुळली आहे ती मुख्यतः ओढ्या-तळ्यांच्या संदर्भात. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या वाटेसाठी ती नेमाने वापरावी असा आग्रह आपल्याकडून कोणी धरलेला नाही. ज्यांचा हिवाळा त्यांनी नोंदवला. आपला पावसाळा नोंदवायला रशियातून कोणी येणार नाही.

आणि शब्द तर आमच्यापाशी भरपूर आहेत. वाट, पायवाट, गाडवाट, पांदण, शिवरस्ता, धुऱ्यावरची वाट, आडवाट, हमरस्ता, फाटा, तिठा, चौफुली. यांतील एकही शब्द दुसऱ्याचा निव्वळ पर्याय नाही. शिवरस्ता दोन गावांच्या शिवेवरून जातो, म्हणून त्याच्यावर दोन्ही गावांचा हक्क. धुऱ्यावरची वाट दोन शेतकऱ्यांच्या सामंजस्यावर टिकते आणि ते बिघडले की तहसीलदाराच्या दारात जाते. पांदण ही सामाईक, शेतांच्या मधून गेलेली, पुष्कळदा दोन्ही बाजूंनी काट्याकुपाट्यांनी आणि अतिक्रमणाने आवळलेली. वर्गात आम्ही 'चाकोरी' हा शब्द केवळ रूपक म्हणून शिकवतो. गाडीच्या चाकाने पडलेली ती खरीखुरी घळ विद्यार्थ्याच्या गावात अजून आहे, हे सांगायचे राहून जाते.

'वहिवाट' या शब्दाकडे तर विशेष लक्ष द्यायला हवे. त्यात वाट आहे, वापर आहे आणि वापरातून उत्पन्न झालेला हक्कही आहे. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ यांच्या आधाराने आजही शेतरस्त्यांचे दावे चालतात. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त घ्यावी असे ठरवले. म्हणजे या शब्दांना शासनदरबारी आणि न्यायालयात किंमत आहे. नकाशाच्या खुणांत मात्र वाट एक तर सार्वजनिक असते, नाही तर खाजगी, नाही तर मालकाच्या मर्जीने मोकळी. मालकाची मर्जी असो वा नसो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने जी वाट मोकळी आहे ती या तिन्हींत कोठे बसवावी? इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाटांचा कायदेशीर दर्जा नोंदवण्यासाठी त्या नकाशात एक स्वतंत्र किल्ली आहे, 'डेझिग्नेशन'. ती किल्ली आमच्यासाठीही उघडी आहे. तीत 'पांदण', 'शिवरस्ता', 'वहिवाट' हे शब्द देवनागरीत लिहायला कोणाचीही मनाई नाही. फक्त कोणी लिहायला हवे.

साहित्याच्या माणसांचा याच्याशी काय संबंध, असे अजूनही कोणी विचारील. त्याने आपल्याच शास्त्राचा इतिहास आठवावा. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो विदर्भातील याच वत्सगुल्मात. वाशिमला सापडलेल्या विंध्यशक्ती दुसऱ्याच्या ताम्रपटात दान दिलेले गाव नांदिकडच्या, म्हणजे नांदेडच्या, 'उत्तर मार्गा'त असल्याचे सांगितले आहे. तेथे 'मार्ग' म्हणजे प्रशासकीय विभाग. आणि काव्यशास्त्रात दंडीने शैलीला जो शब्द वापरला तोही 'मार्ग'च: वैदर्भ मार्ग आणि गौड मार्ग. वामनाने त्यालाच रीती म्हटले आणि तीन प्रकार केले. पुढे कुंतकाने 'वक्रोक्तिजीविता'त या साऱ्या वर्गीकरणावर हल्ला चढवला. देशावरून मार्ग ठरवायचे तर देश अनंत आहेत, मग मार्गही अनंत मानावे लागतील. आणि एक उत्तम, दुसरा मध्यम, तिसरा अधम अशी प्रत लावणे तर मुळातच गैर, असे त्याचे म्हणणे. त्याने वर्गीकरण सोडून दिले नाही. कविस्वभाव हा निकष घेऊन सुकुमार, विचित्र, मध्यम असे मार्ग सांगितले आणि त्यांतील कोणालाही हीन ठरवले नाही. वर्ग असावेत, पण निकष योग्य असावा आणि वर्ग म्हणजे प्रत नव्हे, ही भूमिका आम्ही दरवर्षी परीक्षेत टीप म्हणून विचारतो. तीच भूमिका आज शब्दशः रस्त्यांच्या बाबतीत घ्यायची वेळ आली आहे, तर हा आमचा विषय नाही म्हणून आम्ही बाजूला होतो!

आधुनिक काळातही आपल्याला हा अनुभव नवा नाही. 'ग्रामीण साहित्य' ही संज्ञा रूढ झाली तेव्हा तिने कितीतरी लेखकांना दार उघडून दिले, आणि त्याच वेळी त्यांना एका दालनात बसवूनही ठेवले. नागर लेखकाचे पुस्तक 'साहित्य' आणि खेड्यातल्या लेखकाचे 'ग्रामीण साहित्य', या वाटणीवर आपण दशकानुदशके वाद घातला. 'ग्रामीण मार्ग' आणि 'अवर्गीकृत रस्ता' यांतही तीच वाटणी आहे. वर्गाच्या नावाने वस्तूकडे पाहण्याची नजर घडते, हे ज्यांना समीक्षेत पटते त्यांना नकाशात का पटू नये?

यादीत येण्याचे महत्त्वही आमच्या जिल्ह्याला चांगले ठाऊक आहे. कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांतील पोथ्या शतकानुशतके तेथेच होत्या. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांच्या हस्तलिखितसूचीत त्या नोंदल्या गेल्या. १९३१ मध्ये पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी संपादून कारंजा जैन ग्रंथमालेत आणले, आणि अपभ्रंशाच्या अभ्यासात कारंज्याचे नाव पक्के झाले. सूचीकाराने त्या पोथ्यांना 'जुने कागद' एवढीच खूण लावली असती तर काय झाले असते, याचा विचार करावा.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा की जागतिक नकाशात स्थानिक शब्द घुसवले तर यंत्रांचा गोंधळ होईल. हा आक्षेप अज्ञानातून आलेला आहे. मुख्य वर्ग जागतिकच ठेवावा; स्थानिक शब्द वेगळ्या किल्लीत लिहावा. ज्या यंत्राला तो कळत नाही ते त्याकडे दुर्लक्ष करील. दुसरा आक्षेप: जमिनीवर जे दिसते तेच नकाशात यावे, आणि 'वहिवाट' काही डोळ्यांना दिसत नाही. मग इंग्लंडमधील पायवाटेचा कायदेशीर हक्क कोणत्या डोळ्यांना दिसतो? तेथे पाट्या असतात म्हणावे, तर आमच्याकडे गाव आहे, गावातली माणसे आहेत, गावनकाशा आहे. विचारले तर सांगतात. तिसरा आक्षेप आमच्याच सहकाऱ्यांचा: हे सारे फुकट राबणे आहे आणि फायदा परदेशी कंपन्यांचा. कंपन्यांचा फायदा होतो हे खरेच आहे. परंतु आपण नोंद केली नाही म्हणून कंपन्यांचे अडणार नाही, अडेल ते तांड्याचे.

नावांचा प्रश्न तर याहूनही निकडीचा. नावाच्या मुख्य रकान्यात रोमन लिपी आणि मराठीचा रकाना रिकामा, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. रोमन लिपीतून परत येताना मानोऱ्याचा सहज 'मनोरा' होतो. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. डिसेंबर २०२० मध्ये सामाजिक न्याय विभागाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे सुचवली. जुन्या कागदावरून नकाशा भरणारा मनुष्य नकळत ती अपमानकारक नावे पुन्हा जिवंत करतो. मुख्य नाव नवेच असले पाहिजे. जुने नाव 'जुने नाव' म्हणून नोंदवावे की नाही, हे त्या वस्तीतल्या लोकांनी ठरवावे. इतिहासाच्या अभ्यासकाच्या सोयीसाठी त्यांच्या दारावर ती पाटी पुन्हा ठोकण्याचा अधिकार आम्हांला नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. जिल्ह्यातील मराठी विभागांनी एकत्र येऊन रस्त्यांच्या खुणांच्या मराठी व्याख्या वऱ्हाडी उदाहरणांसह लिहून काढाव्यात. वस्तीला जोडणारी वाट कच्ची असली तरी तिला 'ट्रॅक' म्हणू नये. तिचा पृष्ठभाग स्वतंत्र नोंदवावा आणि पाहणी कोणत्या महिन्यात केली तेही लिहावे. पांदण, शिवरस्ता, गाडवाट हे शब्द देवनागरीत, योग्य त्या किल्लीत नोंदवावेत. वस्तीचे नाव वस्तीला विचारून लिहावे. गूगलच्या नकाशावरून पाहून उतरवू नये, कारण परवान्याच्या दृष्टीने ते चालत नाही आणि अभ्यास म्हणून त्याची किंमत शून्य आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्पाला श्रेयांक आहेत. बोलीभाषेच्या नावाखाली दरवर्षी तीच ती म्हणींची वही भरून घेण्यापेक्षा विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या शिवारात पाठवावे. त्यांचे आजोबा प्रत्येक वाटेचे नाव, ती कोणाच्या शेतातून जाते आणि कोणत्या पावसात बंद पडते हे सांगतील. ते ऐकून घेण्याचे आणि नेमक्या शब्दांत लिहिण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्याचे आहे.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी आपण शिलालेख आणि ताम्रपट पुढे केले आणि ते योग्यच होते. त्या ताम्रपटांत गावाच्या सीमा आणि मार्ग त्या काळच्या लोकांच्या शब्दांत लिहून ठेवलेले आहेत, कारण लिहिणाऱ्याला ते शब्द ठाऊक होते आणि लिहिणे हे आपले काम आहे असे तो मानत होता. येत्या उन्हाळ्यात, पांदणी कोरड्या आहेत तोवर, आमच्यापैकी किती जण विद्यार्थ्यांना घेऊन शिवारात उतरतात, हे आम्हांला पाहायचे आहे.